वायरचा इयरफोन पारखायचा कसा: आधी कान, मग आवाज

ठाण्यात गोखले रोडला किंवा वाशीत सेक्टर १७ मध्ये मोबाईलच्या दुकानात जाऊन कानात घालायचा वायरचा इयरफोन मागितला, की दुकानदार बहुधा स्वतःच्या फोनवर एखादं दणकेबाज गाणं लावतो, आवाज पूर्ण वाढवतो आणि म्हणतो, "बघा, काय बेस आहे!" अर्धं मिनिट ऐकून आपण मान डोलावतो आणि पैसे देतो. आठवड्याभरात कान दुखायला लागतो, नाहीतर गाणाऱ्याचा आवाज दबलेला वाटायला लागतो. त्या अर्ध्या मिनिटात कळण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं.

आजवर फोनबरोबर मिळालेला इयरफोनच वापरला आणि आता पहिल्यांदाच हजार-दोन हजार रुपये स्वतःच्या पसंतीने घालायचेत, अशांसाठी हे लिहितोय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इयरफोन कानात नीट बसल्याची खात्री होईपर्यंत त्याच्या आवाजाबद्दल चांगलं किंवा वाईट, कुठलंच मत बनवायचं नाही.

पहिली पायरी: पिन बघा

३.५ मिलिमीटरची गोल पिन बसायची जागा आता बऱ्याच फोनमध्ये नसते. ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मधून ती काढली, मग हळूहळू इतर कंपन्यांनीही काढली. फोनला फक्त टाइप-सी असेल तर टाइप-सी पिनचाच इयरफोन घ्या, किंवा गोल पिनचा घेऊन मध्ये छोटा डोंगल लावा. मी दुसरा मार्ग सुचवेन, कारण गोल पिन लॅपटॉपला, जुन्या फोनला, टॅबला, सगळीकडे चालते. डोंगल घेताना त्यात डॅक आहे का, ते विचारा. फोनमधल्या डिजिटल आकड्यांचं आवाजाच्या विद्युत लहरीत रूपांतर करणारी चिप म्हणजे डॅक. डॅक नसलेला स्वस्त डोंगल काही फोनवर चालतो, काहींवर मुकाच राहतो.

गोल पिनवरच्या रेघा मोजा. तीन असतील तर वायरला माइक आहे, दोन असतील तर नाही. खोक्यावर १६ किंवा ३२ ओहम लिहिलेलं असलं की साध्या फोनवरही इयरफोन पुरेसा मोठा वाजतो. त्यासाठी वेगळा अँप, म्हणजे आवाज वाढवणारा अँप्लिफायर, कुणी गळ्यात मारत असेल तर आत्ता घेऊ नका.

दुसरी पायरी: रबर

खोक्यात रबराचे निदान तीन जोड येतात: लहान, मधला, मोठा. मधला आधीच चढवलेला असतो आणि बहुतेक जण बाकीचे दोन खोक्यासकट कपाटात टाकतात. आवाजाचं निम्मं नुकसान इथेच होतं.

कानाची नळी आणि रबर यांच्यात बारीकशी फट राहिली, तरी खालचे सूर तिथून निसटतात. मग उरलेला आवाज पातळ आणि टोचरा लागतो. 'याला बेसच नाही' म्हणून बाजूला पडलेल्या इयरफोनला पुष्कळदा फक्त एका मापाने मोठं रबर हवं असतं.

घालण्याचीही पद्धत आहे. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती सरळ नसते, वळण घेत आत जाते. म्हणून उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची पाळी हलकेच वर आणि मागे ओढा. वळण थोडं सरळ होतं. तेवढ्यात इयरफोन आत सरकवा, किंचित फिरवा आणि मग पाळी सोडा. नुसता अंगठ्याने दाबून बसवलेला आणि असा बसवलेला, यांतला फरक पहिल्याच वेळी कानाला कळतो.

आता खरंच फट मिटली का, ते तपासायचं. रियाझासाठी लोक वापरतात तसं तबल्याचं ॲप लावा, विलंबित ठेका ठेवा आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याकडे लक्ष द्या. ऐकता ऐकता दोन्ही इयरफोन बोटाने अगदी हलके आत दाबा. दाबल्यावर घुमारा एकदम फुलला, तर रबर लहान पडतंय. काही फरक पडला नाही, तर बसलंय. मग चार शेंगदाणे तोंडात टाकून चावा, मान दोन्हीकडे वळवा, मोठ्याने हसा. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकारही बदलतो. चावताना डग्गा गायब होत असेल, तर लोकलमध्ये शेजारच्याशी दोन शब्द बोलल्यावरही तो गायब होणार.

दोन्ही कान सारखे असतातच असं नाही. डाव्याला मधलं आणि उजव्याला मोठं रबर लागलं तर तसंच लावा. कुठलंच नीट बसत नसेल तर फोमचे टिप मिळतात. ते बोटांनी चुरडून बारीक करायचे, आत घालायचे आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवायचे. फोम बाहेरचा गोंगाट छान अडवतो, कानालाही मऊ लागतो. मात्र वरचे सूर जरा मवाळ होतात आणि काही महिन्यांत फोम झिजतो.

दुकानात ट्रायलचा पीस मिळाला तर स्वतःचे रबर घेऊन जा, किंवा निदान स्पिरिटच्या पट्टीने पुसल्याशिवाय कानात घालू नका. हे संकोचाने टाळू नका.

तिसरी पायरी: तासभर कानात ठेवा

पाच मिनिटांत कुठलाच इयरफोन दुखत नाही. चाळीस मिनिटांनंतर काय होतं ते महत्त्वाचं. घरी भाजी निवडताना, भांडी घासताना, ऑफिसचं काम करताना सलग तासभर घालून बसा आणि दुखलंच तर नेमकं कुठे दुखतं, ते बोटाने शोधा. नळीच्या तोंडाशी दुखत असेल तर रबर मोठं आहे किंवा ते ज्यावर चढतं ते नळकांडं जाड आहे. रबर बदलून हे बरेचदा सुटतं. कानाच्या बाहेरच्या खोलगट भागात, जिथे इयरफोनचं पोट टेकतं तिथे दुखत असेल, तर त्याचा आकारच तुमच्या कानाचा नाही. रबर बदलून ते दुखणं जाणार नाही आणि सवयीनेही जात नाही. आवाज कितीही आवडला असला तरी असा इयरफोन ठेवू नका, चार दिवसांनी तो ड्रॉवरमध्येच पडून राहतो.

वायर कशी बसते तेही बघा. काहींची वायर सरळ खाली येते, काहींची कानावरून मागे वळते. ही कानामागची तऱ्हा स्टेजवर गाणारे-वाजवणारे स्वतःचा आवाज ऐकायला कानात घालतात त्या मॉनिटरमधून आली. हालचाल करताना इयरफोन ओढला जाऊ नये, हा तिचा हेतू. रोज चालत स्टेशन गाठणाऱ्याला हीच बरी, कारण वायर शर्टला घासल्याची खरखर कानापर्यंत कमी पोचते. मात्र चष्मा असेल तर काडी आणि वायर एकाच जागी येतात. आधी वायर बसवून वर चष्मा चढवा आणि अर्ध्या तासाने कानामागे वळ उठतो का, ते बघा. बुगडी घालणाऱ्या बायकांनी तर हे विकत घेण्याआधीच तपासावं. मोत्याची बुगडी आणि वायरचा आकडा दोन्ही एकाच कडेवर टेकतात, आणि ओढ बसली की बुगडीच दुखते.

खरखर तपासायची तर गाणं बंद ठेवून वायरवर नखाने टिचक्या मारा. मग घरातल्या घरात जोरात चाला. पावलांचा धप-धप आवाज आणि स्वतःचा आवाज डोक्यात घुमणं थोडंफार होणारच, कारण कान बंद केले की हाडांमधून येणारा आवाज आतच अडकतो. रबर जरा खोल बसवलं तर ते कमी होतं. घालताना कधी आतून 'कट्' असा आवाज येतो, तो हवेच्या दाबाने इयरफोनमधला पातळ पडदा वाकल्याचा. बहुधा त्याने काही बिघडत नाही. पण प्रत्येक वेळी येत असेल, किंवा त्यानंतर एका बाजूचा आवाज क्षणभर बसत असेल, तर तो पीस बदलून घ्या.

चौथी पायरी: आता आवाज

फोनमधला इक्वलायझर, बेस बूस्ट, डॉल्बी वगैरे सगळं बंद करा. गाण्याच्या ॲपमध्ये आवाजाची क्वालिटी सगळ्यात वरची ठेवा. रात्री उशिरा, घोडबंदर रोडची वर्दळ ओसरल्यावर, खिडकी लावून बसा. शक्य असेल तर तेवढा वेळ पंखाही बंद ठेवा.

दोन इयरफोनची तुलना करताना नवखे एका ठिकाणी हमखास फसतात. दोघांतला जो किंचित मोठा वाजतो तो आपल्याला जास्त चांगला वाटतो. कानाची ठेवणच तशी आहे, आवाज वाढला की खालचे आणि वरचे सूर भरल्यासारखे लागतात. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. शिवाय फोनवर आवाजाची पट्टी दोन्ही वेळा सारखी ठेवली म्हणजे आवाज सारखा झाला, असंही नाही, कारण प्रत्येक इयरफोनची संवेदनशीलता वेगळी. म्हणून आधी एखादं भाषण किंवा मुलाखत लावा आणि समोर बसलेला माणूस नेहमीच्या आवाजात बोलतोय असं वाटेल इतकाच आवाज ठेवा. दुसऱ्या इयरफोनवर तीच मुलाखत लावून त्याच पातळीला आणा. मगच गाणी ऐका.

गाणी कुठली? कंपनीची 'टेस्ट ट्रॅक' यादी नको. ज्या गाण्यात गायक श्वास कुठे घेतो हेही तुम्हाला पाठ आहे, अशी चार-पाच गाणी घ्या. आपल्याकडे यासाठी सामग्री भरपूर आहे.

मी नेहमी अभंगापासून सुरुवात करतो. एका अभंगात खालपासून वरपर्यंत सगळं सापडतं. खाली पखवाज, मध्ये पेटी आणि गाणारा, वर टाळ. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे खर्जाच्या तोंडाला, कणीक लावलेली असते, म्हणून तिचा आवाज खोल आणि भरीव येतो. त्या थापेला सुरुवात आणि शेवट दोन्ही ऐकू यायला हवेत. थाप पडली, घुमली, थांबली, असं. थाप थांबतच नसेल, एकातून दुसरी ओघळत असेल आणि गाणाऱ्याचे शब्द त्याखाली बुडत असतील, तर दुकानात ज्याला 'काय बेस आहे' म्हणतात तो हाच. गजर चढल्यावर टाळांकडे जा. चांगल्या इयरफोनमध्ये टाळांचा आघात आणि त्यामागची थरथरत विरत जाणारी रुणझुण वेगवेगळी कळते. साधारण इयरफोनमध्ये त्याचा नुसता 'चस् चस्' असा गोंगाट होतो आणि दोन मिनिटांत आवाज कमी करावासा वाटतो.

मग भावगीत, शक्यतो बाईच्या आवाजातलं, वाद्यं कमी असलेलं. 'स', 'श', 'च' ही अक्षरं ऐका. ती टोचत असतील, शिट्टीसारखी पुढे येत असतील, तर वरच्या पट्ट्यात, साधारण ५ ते ९ हजार हर्ट्झच्या आसपास, इयरफोन कुठेतरी उसळतोय. उलट ती बोथट लागली आणि बाई तोंडावर ओढणी धरून गातेय असं वाटलं, तर तिथे तो दबलाय. पेटी आणि आवाज साधारण एकाच पट्ट्यात राहतात. पेटीची भात्याची धाप आणि सुरांची किणकिण गाण्याखाली वेगळी ओळखू येते का, ते बघा. मधल्या पट्ट्याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

लावणीत ढोलकीची चाट आणि घुंगरू ऐका. ढोलकी कडक लागलीच पाहिजे, पण कानात काडी घातल्यासारखी नको.

जुनी मोनो ध्वनिमुद्रणं एका वेगळ्याच कामाला येतात. त्यात दोन्ही कानांत एकच आवाज असतो, म्हणून गाणारा बरोबर दोन्ही डोळ्यांच्या मध्ये उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला सरकला, तर आधी फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमधली डाव्या-उजव्याची पट्टी मध्यावर आहे का, ते बघा. मग रबर पुन्हा बसवा. तरी सरकलेलाच राहिला तर सरळ वायरचा इयरफोन उलटा घाला, डावा उजवीकडे. गाणाऱ्याने बाजू बदलली तर दोष इयरफोनचा. बाजू बदलली नाही तर कानाचा किंवा बसण्याचा.

मैफिलीच्या ध्वनिमुद्रणातल्या टाळ्याही ऐका. माणसं टाळ्या वाजवतायत असं वाटलं पाहिजे, पावसाची सर आल्यासारखं नको. पण अशा इयरफोनवर तानपुरे खोलीभर पसरतील, ही अपेक्षा ठेवू नका. कानात घालायच्या इयरफोनचा आवाज बहुतांशी डोक्यातच उमटतो. डावं, उजवं आणि मध्य स्वच्छ कळलं तरी पुष्कळ झालं.

नेटवर आवाजाचे ग्राफ दिसतील, इयरफोन कुठला सूर किती मोठा वाजवतो ते दाखवणारे. ते वाचायला शिकलात तर वेळ वाचतो. उघड्या कानाची नळी ३ हजार हर्ट्झच्या आसपासचे सूर आपसूक उचलून धरते. इयरफोन घातला की हा नैसर्गिक उठाव बिघडतो, म्हणून चांगल्या इयरफोनच्या ग्राफमध्ये तिथे एक टेकडी मुद्दाम ठेवलेली असते. ती दोष नव्हे. हर्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांवर चाचण्या घेऊन लोकांना आवडणारी जी रेषा मांडली, तिच्यातही ही टेकडी आहे. मात्र ८ हजार हर्ट्झच्या पुढच्या शिखरांवर फार विसंबू नका. तुमच्या कानात इयरफोन किती खोल बसतो, त्यावर ती जागा बदलतात.

'पन्नास तास वाजवा, मग आवाज खुलेल' असंही कुणी सांगेल. त्या काळात बदलतो तो मुख्यतः आपला कान, नव्या आवाजाला तो रुळतो. म्हणून उलट तपासणी करा. तीन-चार दिवस फक्त नवाच वापरा आणि मग जुना घाला. जुन्यावर काय हरवलंय असं वाटतं आणि काय परत आल्यासारखं वाटतं, या दोन गोष्टी कागदावर लिहा. नव्याकडे जाताना जे कळत नाही, ते परत येताना लख्ख कळतं.

पाचवी पायरी: ठाणे ते वाशी

घरात पास झालेला इयरफोन आता ट्रान्स-हार्बरच्या गाडीत न्या. ऐरोली, रबाळे, घणसोली करत वाशीपर्यंतच्या प्रवासात त्याची दुसरी परीक्षा होते. गाडीचा घरघराट बहुतेक खालच्या पट्टीतला असतो आणि तो गाण्यातले नेमके खालचे सूर झाकतो. घरी बेस जरा जास्त वाटलेला इयरफोन इथे योग्य वाटतो, घरी समतोल वाटलेला इथे पातळ लागतो. जास्त ऐकणं प्रवासातच होणार असेल तर थोडा जास्त बेस असलेला निवडायला हरकत नाही.

पण इथला मुख्य प्रश्न आवाज किती वाढवावा लागतो हा. घरी ठरवलेल्या पातळीपेक्षा एक-दोन पायऱ्या वर जावं लागलं तर ठीक. निम्म्याहून अधिक पट्टी चढवल्याशिवाय शब्दच कळत नसतील, तर रबर गोंगाट अडवत नाहीये, फोम लावून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. रोज जाऊन-येऊन दोन तास ऐकणाऱ्याचे ते ४ तास मंगळवारीच संपतात. गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही, म्हणून हा आकडा मी फार मनावर घेतो.

दाराशी उभं राहूनही एकदा ऐका. काही इयरफोनच्या बाहेरच्या छिद्रात वारा शिरला की फडफडाट होतो. गाडीतूनच घरी व्हॉइस मेसेज पाठवा आणि माइक काय पकडतो, ते संध्याकाळी ऐका. प्लॅटफॉर्मवर आणि रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळे हवेत.

सहावी पायरी: किती टिकेल

ठाणे स्टेशनच्या गर्दीत वायर कुणाच्या तरी बॅगेत अडकणारच. म्हणून सुटी होणारी वायर असलेला इयरफोन घ्या. दोन बारीक काड्यांची ०.७८ मिलिमीटरची टू-पिन जोडणी किंवा गोल फिरणारी एमएमसीएक्स, दोन्हींच्या सुट्या वायरी मिळतात. वायर तुटली तर फक्त वायरचा खर्च. चालताना ती शर्टाच्या आतून घ्या आणि ठेवताना फोनभोवती आवळून गुंडाळू नका.

एक बाजू हळूहळू बारीक झाली, तर इयरफोन गेला असं लगेच समजू नका. रबर काढून नळकांड्याच्या तोंडाची जाळी बघा, बहुधा तिथे कानातला मळ बसलेला असतो. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झटका, म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडतो. रबर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. पावसाळ्यात भिजून आल्यावर किंवा अंघोळीनंतर ओल्या कानात इयरफोन घालू नका, दमट हवेत कानात बुरशीचा संसर्ग पटकन होतो. खाज आली, कान वाहिला, तर इयरफोन बाजूला ठेवून कानाच्या डॉक्टरकडे जा.

पैसे देण्याआधी दुकानात एकच विचारा: खोकं उघडून वापरलेला इयरफोन परत घेता का? कानात घालायची वस्तू म्हणून बरेच जण घेत नाहीत. घेत असतील तर किती दिवसांत, ते बिलावर लिहून घ्या आणि शेंगदाण्याची, तासभराची आणि गाडीची परीक्षा त्या मुदतीत उरका. आणि जे रबर तुम्हाला नीट बसलं त्याची बाहेरची रुंदी पट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये फोनमध्ये नोंदवून ठेवा. वर्षभराने नवे रबर मागवताना 'मीडियम' म्हणून मागवू नका, एका कंपनीचं मीडियम दुसऱ्या कंपनीचं स्मॉल असतं.